धोंड्याच्या पुरणातला खवा

पुरणाचं ताट समोर आलं की माझ्या घशाशी एक गोष्ट येते आणि मी ती तुपाबरोबर खाली ढकलतो. असं ढकलता ढकलता माझे दात गेले, पुरण आता चमच्याने खावं लागतं, पण गोष्ट आहे तिथेच आहे. बायकोला सांगितली नाही, कारण तिने ती आठवड्याच्या आत कुरुंद्याला, माझ्या बहिणीच्या सासरी, पोचवली असती. पोरांना सांगितली नाही, कारण त्यांच्यापुढे मी जन्मभर शहाणा माणूस म्हणून वावरलो. आता लिहूनच टाकतो. गोष्ट पोटाची आहे, तेव्हा वाचणाऱ्याने जेवण उरकून बसलेलं बरं.

आमचं गाव डोंगरकडा या बाजाराच्या गावाजवळ. निजामाचं राज्य होतं. आमच्या गोठ्यात म्हशी होत्या आणि घरात त्यांच्याविषयीच बोलणं असायचं. म्हैस आटली तर आमचे वडील, म्हणजे आबा, सुतक असल्यासारखे बसत. व्याली तर गावभर चीक वाटत. माणसाची पारख ते दुधावर करायचे. पाहुणा आला की आधी तांब्याभर दूध. एका दमात रिकामा केला तर माणूस चांगला, थांबून थांबून प्याला तर विचारी, अर्धा ठेवला तर त्याच्याशी बैलाचा व्यवहार करू नये. या शास्त्राला कुणाचा आधार नव्हता, पण आबांच्या पुढे बोलणार कोण?

उरलेल्या दुधाचा खवा करायचा, आणि ते काम माझं होतं. तेव्हा मी विशीत होतो, अंगात रग होती. गोठ्यामागे चुलवण, त्यावर मोठी कढई, आणि मी उलथनं घेऊन दूध घोटत बसलेला. हात थांबला की दूध बुडाशी लागतं, आणि बुडाशी लागलं की आबा वासावरून ओळखत. तयार खव्याचे गोळे पळसाच्या पानात बांधून मी डोंगरकड्याच्या बाजाराला न्यायचो. माझा खवा पांढराशुभ्र असायचा. त्याचा मला गर्व होता, आणि पुढे जे झालं त्यात त्या गर्वाचाही वाटा आहे.

माझ्या पाठच्या बहिणीचं लग्न कुरुंद्याला झालं. घर हळद पिकवणारं. आमचे दाजी उंच, हसरे, गोष्टीवेल्हाळ. हळद शिजवताना कढईतून फेस कसा येतो ते सांगताना स्वतःच उकळल्यासारखे हात करायचे. आम्हाला सगळ्यांनाच ते आवडले. एकच गोष्ट अडली. लग्नात आबांनी दुधाचा तांब्या पुढे केला, तर दाजींनी दोन्ही हात जोडले.

"मामा, दूध मला चालत न्हाई. लहानपणी चालायचं. आता पोट बिघडतं."

आबांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांच्या म्हशीला नाव ठेवलं.

माझा खरा राग पुढच्या गोष्टीवर होता. हेच दाजी ताक वाटी-वाटीने प्यायचे. दही बोटाने चाटायचे. भाकरीवर तुपाची धार धरली तर नको म्हणायचे नाहीत. मी मायला म्हणालो, "ताक दुधाचं, दही दुधाचं, तूप दुधाचं. लेकरं चालतात आन् मायच चालत न्हाई? नखरा हाये सगळा."

माय म्हणाली, "आसंल एखाद्याला. तुला कारलं चालतं का?"

"कारल्यानं माझं पोट बिघडत न्हाई. तोंड बिघडतं."

"मंग त्याचं पोट हाये, तुझं तोंड हाये. गप बस."

मी गप बसलो, पण मनात गाठ बसली. आमच्या भागात कुणालाही विचारा, त्याने माझ्यासारखाच हिशेब मांडला असता. ज्याच्या पोटात ताक जिरतं त्याच्या पोटात दूध जिरत नाही, हे दुधावर जगणाऱ्या माणसाला पटायचं कसं?

त्या उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. आमच्याकडे अधिक महिन्यात जावयाला बोलावतात, कपडे करतात आणि धोंडे खाऊ घालतात. धोंडे म्हणजे कणकेत पुरण भरून केलेले गोळे. वर तूप आणि दूध. नव्या जावयाचा पहिला धोंडा म्हणजे अर्धं गाव बघायला येतं. शिवाय यंदाचं महत्त्व जास्त होतं. बहीण लग्नानंतर थोडे दिवस कुरुंद्याला राहून परत आली होती, आणि पावसाळा सरला की तिला कायमची नांदायला पाठवायची होती.

मी एक बेत केला. जावयाला न कळत खवा खाऊ घालायचा. त्यांना काही होणार नाही, याची मला खात्री होती. मग भर बैठकीत उठून सांगायचं, दाजी, तुम्ही दुपारी शेरभर दूध पचवलंत, आता हा तांब्या घ्या! सगळे हसतील, दाजीही हसतील, आबांचं समाधान होईल. बेत मला इतका आवडला की आदल्या दिवशी कढई घोटताना मी एकटाच हसत होतो.

सकाळी मी मायला म्हणालो, "पुरण मी वाटून देतो."

घरातल्या बायकांनी हातातली कामं थांबवली. बहीण म्हणाली, "दादा, आंगात ताप हाये का तुझ्या?"

"दाजी येऊन राहिले म्हणून करतो. न्हाई तर ऱ्हाऊ दे."

"न्हाई, न्हाई, बस. पाटा धुऊन ठेवते. लोकाहीला दाखवायला बोलावू का?"

त्या हसत पलीकडे कणीक मळायला गेल्या. मी पाट्यापुढे बसलो, पानातला खवा काढला आणि डाळ-गुळाबरोबर वाटला. चांगला रगडून वाटला. वेलदोडे थोडे जास्त घातले. पुरण इतकं मऊ झालं की मायने बोटाने चाखून माझ्या पाठीवर थाप मारली.

दाजी दुपारी जेवायला बसले. कोरं धोतर, डोक्यावर फेटा. बहिणीने दुधाचं भांडं आणलं तसा त्यांनी ताटावर हात आडवा धरला. तिने हसून गुळवणी वाढली. तिला त्यांचं सगळं माहीत होतं. गूळपाण्यात आणि तुपात बुडवून त्यांनी धोंडे खाल्ले. आम्ही आग्रह करायचा आणि जावयाने नको नको म्हणत खायचं, हा आमच्याकडचा खेळ. मी सर्वांत जास्त आग्रह केला.

"मेव्हणे, तुमच्या मनात काय हाये?" दाजी म्हणाले. "बहिणीला इथंच ठेवायचा इचार दिसतो. मला मारूनच टाकता."

जेवण झाल्यावर बैठक बसली. पान-सुपारी फिरली. गावातली वडीलधारी माणसं भिंतीला टेकून होती. दाजी हळदीची गोष्ट सांगत होते. मी माझ्या घोषणेसाठी चांगली जागा शोधत होतो. तेवढ्यात कुठेतरी गाडीचं चाक ओल्या वाळूत फिरावं तसा आवाज झाला. सगळ्यांनी बाहेर पाहिलं. बाहेर गाडी नव्हती. आवाज परत झाला आणि तो दाजींच्या सदऱ्याखालून येत होता.

दाजींनी गोष्ट तोडली नाही. फक्त बोलायचा वेग वाढवला. मग कपाळावर घाम आला, मग ते मध्येच उठले आणि म्हणाले, "तांब्या कुठं असतो?"

नदीकडची वाट आमच्या पारावरून जायची. पारावर बसलेल्यांनी नव्या जावयाला जाताना पाहिलं, येताना पाहिलं आणि लगेच परत जाताना पाहिलं. तिसऱ्या खेपेला फेटा सुटून त्याचं एक टोक लोंबत होतं. कुणीतरी म्हणालं, "जावईबापू, नदी तिथंच हाये, मोजून राहिले का?" पार हसला. सुरुवातीला मीही हसलो. त्यांच्या चेहऱ्याचा रंग बघेपर्यंत.

संध्याकाळी आबांनी वैद्यबुवांना बोलावलं. त्यांनी नाडी धरली, पोट दाबलं आणि मायला विचारलं, "दूध दिलं होतं का?"

"थेंब न्हाई. धोंडे, तूप आन् गुळवणी. सगळ्याहीनं तेच खाल्लं. कुणाला काही झालं न्हाई."

वैद्यबुवा बराच वेळ मान हलवत राहिले. "मग हे दुधाचं निमित्त नाही. मुळातच ग्रहणी बिघडलेली आहे. ही संग्रहणीची सुरुवात."

संग्रहणी म्हणजे माणूस खाईल ते वाहून जायचं आणि माणूस वाळत वाळत संपायचा. दाराआड बहिणीच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

मी तोंड उघडलं. आबा माझ्याकडे वळले. "काय?"

एकच वाक्य बोलायचं होतं. पुरणात खवा होता. वैद्यबुवा हसले असते, आबांनी मला गोठ्यात नेऊन चाबूक घेतला असता आणि विषय संपला असता.

"काही न्हाई," मी म्हणालो.

दाजी दोन दिवसांनी कुरुंद्याला परत गेले. आबांनी कुरुंद्याला निरोप पाठवला की प्रकृती सुधारल्याशिवाय पोरगी पाठवणार नाही. पावसाळा सरला. दाजी गाडी जुंपून स्वतः आले. तब्येत उत्तम होती, पण गावाला ती दिसायला तयार नव्हती. ओसरीवर वडीलधारी माणसं बसली.

"जावईबापू," आबा म्हणाले, "राग मानू नका. दूध पचवून दाखवा. सांजच्यापर्यंत इथं बसा. काही झालं न्हाई तर लेक घेऊन जा."

"मामा, दुधानं मला होणारच. त्याचा आन् बाकीच्याचा संबंध न्हाई."

"दुधाबिगरही झालंच की." आबांनी माझ्याकडे पाहिलं. "जा रे, धार काढून आण."

मी गेलो. धार काढली. येताना पाय जड झाले होते वगैरे काही नाही. मी नेहमीसारखा चालत आलो, हेच मला आता जास्त लागतं. तांब्या मी दाजींच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला, क्षणभर फेसाकडे पाहिलं आणि तोंडाशी नेला.

तेवढ्यात बहीण घरातून बाहेर आली. सासरी जायच्या पोरीने चार माणसांपुढे असं यायची रीत नव्हती. तिने त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला, उभ्या उभ्या घटाघट प्याली, पदराने ओठ पुसले आणि तांब्या आबांपुढे ठेवला.

"आबा, दूध पेणाराच पाह्यजे होता तर मला रेड्याला द्यायचं होतं. मी चालले."

आणि ती गाडीत जाऊन बसली. गाठोडं तिने आधीच बांधून ठेवलं होतं.

आज हे आठवलं की हसू येतं. त्या दिवशी कुणी हसलं नाही. आबांनी तिला परत उंबऱ्यात घेतलं नाही. माय तिला भेटायची ती डोंगरकड्याच्या बाजारात, बांगड्यांच्या दुकानामागे; मी खवा विकायच्या निमित्ताने मायला गाडीत घेऊन जायचो. दोघी एकमेकींना भाकरी भरवायच्या. मी लांब उभा राहून गिऱ्हाईक करायचो. पोलिस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत तेही बंद झालं. रझाकारांच्या भीतीने कुरुंद्याची माणसं एकीकडे गेली, आम्ही दुसरीकडे. निजामाचं राज्य गेलं त्याच थंडीत माय गेली. बहिणीला निरोप उशिरा पोचला.

आबांच्या मागे मीच बहिणीला माहेरी आणलं. दाजीही यायला लागले. तेच हसणं, त्याच हळदीच्या गोष्टी. पण येताना ते स्वतःची भाकरी फडक्यात बांधून आणायचे. आमच्याकडेच नाही, कुठेही गेले तरी. लग्न असो, बारसं असो, सगळी पंगत जेवते आणि दाजी कोपऱ्यात फडकं सोडून बसलेले. त्यांच्या स्वतःच्या पोरांच्या लग्नातही तसंच. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आपलं पोट म्हणजे भित्रं जनावर. अनोळखी गवत दाखवायचं न्हाई." लोक हसायचे. मी पानात खाली बघायचो.

अशी कितीतरी वर्षं गेली. बहीण गेली. दाजींची नात नांदेडला डॉक्टरकी शिकायला लागली. एका सुट्टीत मी कुरुंद्याला गेलो असता ती उत्साहाने धावत आली. तिलाही दूध चालत नसे.

"आजोबा, मामाआजोबा, इकडे बसा. मला आपल्या घराचं गुपित सापडलं."

तिने दोरीवरचा जाड टॉवेल ओढून गुडघ्यावर पसरला. "लहान आतड्याची आतली बाजू अशी असते. गुळगुळीत नाही. हे उभे धागे आहेत ना, तशी बारीक बारीक बोटं. प्रत्येक बोटावर पेशींचा थर. त्या पेशींच्या वरच्या कडेला आणखी बारीक केस, ब्रशसारखे. आणि तिथे बसलेली असतात विकरं."

"म्हंजे किडे?" दाजींनी विचारलं.

"किडे नाही हो. कात्र्या समजा. दुधात एक साखर असते, जोडसाखर. दोन साखरा एकमेकींना चिकटलेल्या. ती जोडी रक्तात जाऊ शकत नाही, आधी कापावी लागते. ती कापायची एकच कात्री आहे, तिचं नाव लॅक्टेज. अंगावर पिणाऱ्या लेकराच्या आतड्यात ती भरपूर असते. मग लेकरू मोठं होतं आणि पुष्कळ माणसांच्या पेशी ती बनवायचं कमी करतात. या पेशी काही दिवसच जगतात. बोटाच्या बुडाशी जन्मतात, चढत चढत शेंड्याला जातात आणि गळून पडतात. त्यांच्या जागी नव्या येतात. तुमच्याकडे नव्या येतात, पण कात्री घरी विसरून."

"आन् मंग ती साखर?"

"तशीच मोठ्या आतड्यात उतरते. तिथे ती पाणी ओढते आणि तिथल्या जंतूंची जत्रा भरते. वारा, गुडगुड, आणि तांब्या."

दाजी खदखदून हसले. "आन् ताक कसं चालतं?"

"विरजणाच्या जंतूंनी त्यातली बरीच साखर आधीच खाल्लेली असते. उरलेली कापायला ते स्वतःची कात्री घेऊन येतात. आणि तुपात साखर उरतच नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आन् खव्यात?"

"खव्यात तर विचारूच नका. पाणी आटतं, साखर सगळी तिथेच राहते. मूठभर खवा म्हणजे तांब्याभर दूध."

"जुना धंदा हाये ना त्यांचा," दाजी तिला म्हणाले. "त्यांना खवाच आठवणार."

ती माझ्याकडे वळली. "खरं सांगू का मामाआजोबा, हा रोग नाहीच. आपल्याकडे अशी माणसं जागोजागी आहेत. म्हातारपणीही तांब्याभर दूध जिरवणारे तुमच्यासारखे, त्यांच्या पेशी कात्री ठेवायचं विसरल्या नाहीत, एवढंच."

दाजी टॉवेलाच्या धाग्यांवरून बोटं फिरवत होते. मग म्हणाले, "दुधाचं समजलं. ते मला पहिल्यापासून माहीतच होतं. दूध टाळून मी मजेत होतो. पण एक कोडं सुटत न्हाई. धोंड्याला मी दूध घेतलंच न्हवतं. तरी झालं. त्या दिवसापासून माझा माझ्या पोटावर भरवसा राह्यला न्हाई. कुणाच्या घरी घास घ्यायची हिंमत झाली न्हाई. ते काहून झालं आसंल?"

"काय खाल्लं होतं?"

"धोंडे. तूप. गुळवणी."

तिने खूप विचार केला. चांगल्या डॉक्टरसारखं खरं ते सांगितलं. "त्यात तर दुधाची साखर कुठेच नाही. मला नाही सांगता येणार, आजोबा. तेव्हा कदाचित दुसरं काहीतरी असेलही पोटात."

"व्हय," दाजी म्हणाले. "आसंल काहीतरी खोट."

मी तिथेच बसलो होतो. त्यांच्या माझ्यामध्ये एक टॉवेल होता. मी चहा संपवला आणि शेवटची एसटी गाठतो म्हणून उठलो.

घरी आल्यावर ठरवलं. पुढच्या वेळी सांगायचंच. त्या खेपेला वाटभर वाक्य जुळवत गेलो, एसटीत शेजारच्या माणसाने विचारलं, "काही म्हणलात का?" कुरुंद्याला पोचलो तर दाजींच्या अंगणात माणसं जमली होती. हळदीची कढई चढली होती, आणि दाजी त्या सगळ्यांना टॉवेल दाखवून बोटं, ब्रश आणि कात्र्या समजावून सांगत होते. मला पाहिल्याबरोबर ओरडले, "आले बघा! यांच्या पोटात कात्री शाबूत हाये. आगं, दूध आणा यांना!"

सुनेने तांब्या आणला. सगळे बघत होते. दाजी आपली फडक्यातली भाकरी मांडीवर घेऊन कौतुकाने बघत होते. मी एका दमात तांब्या रिकामा केला. टाळ्या पडल्या. त्यानंतर बोलायला जागाच उरली नाही.

त्यानंतर मी कुरुंद्याला गेलो तेव्हा अंगणात पुन्हा माणसं जमली होती, पण तिरडीभोवती; दाजी बोलत नव्हते. वाक्य जुळवलेलं होतं तसंच परत आणलं. फार मोठं नाही.

दाजी, त्या पुरणात खवा होता. मीच वाटला होता. तुमच्या पोटात काही खोट न्हवती, तुमी कुठंही बसून जेवायला पाह्यजे होतं. मला माफ करा.